शरीरांत विरून जाणारा धागा

तुमच्यापैकीं ज्यांच्या घरीं कोणावर पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, त्यांनीं डॉक्टरांच्या तोंडून एक वाक्य बहुधा ऐकलें असेल : "आंतले टांके काढावे लागत नाहींत, ते आपोआप विरून जातात." घरचीं माणसें हें ऐकून मान डोलावतात आणि औषधाच्या चिठ्ठीकडे वळतात. परंतु क्षणभर थांबून विचार केला तर हें वाक्य मोठें चमत्कारिक आहे, असें दिसून येईल. जो धागा ओल्या, उष्ण, सतत हालणाऱ्या पोटांत दोन आठवडे ताण सोसतो, तोच धागा पुढें दोन-तीन महिन्यांत असा नाहींसा होतो कीं त्याचा मागमूसही राहत नाहीं. तो जातो कोठें? आणि जखम भरून येण्यापूर्वींच तो कां जात नाहीं? आठवीच्या वर्गांत हा विषय सहज निघाला असतां एका विद्यार्थिनीनें हाच प्रश्न फार मार्मिकपणें विचारला : "सर, आपलें काम संपलें हें धाग्याला कसें कळतें?" त्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

आमच्या नागपुरास या विषयाचें महत्त्व विशेष आहे. येथील मेडिकल कॉलेजच्या आणि मेयोच्या रुग्णालयांत येणारे रोगी केवळ शहरांतले नसतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा येथून, तसेंच प्रांताच्या सीमेपलीकडील छिंदवाडा व बालाघाट या भागांतूनही ते येतात. "आठ दिवसांनीं टांके काढावयास या," असें सांगणें सोपें आहे. पण ज्याला त्यासाठीं दोन एस. टी. गाड्या बदलाव्या लागतात आणि दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागते, तो येईलच असें नाहीं. कित्येकदां गांवांतच कोणी कात्रीनें टांके कापतो आणि जखम चिघळते. शिवाय, एकदां शरीरांत ठेविलेली वस्तु बाहेर काढण्यासाठीं दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागणें, ही तर गरिबाच्या घरीं मोठीच आपत्ति होय. तेव्हां शरीरांत काम करून स्वतःच निघून जाणारा पदार्थ ही केवळ शास्त्रज्ञांची हौस नव्हे.

अशा पदार्थाचा शोध फार जुना आहे. सुश्रुतसंहितेंत जखम शिवण्यासाठीं बारीक सूत, शण, जवसाचा तंतु, स्नायु, केंस, मूर्वा व गुळवेल यांचे तंतु आणि अश्मंतकाची साल असे निरनिराळे पदार्थ सांगितले आहेत. अश्मंतक म्हणजे आपला आपटा, असें सामान्यतः मानतात. दसऱ्यास ज्याचीं पानें आपण सोनें म्हणून वाटतों, त्याच झाडाच्या सालीनें जखमा शिवल्या जात, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. त्याहूनही विस्मयकारक कृति फाटलेल्या आंतड्यासंबंधीं आहे. आंतड्याच्या कडा जुळवून त्यांवर मोठे काळे मुंगळे चावूं द्यावे, ते घट्ट चावले म्हणजे त्यांचीं धडें तोडून टाकावीं, आणि डोकीं तशींच ठेवून आंतडें पोटांत परत सारावें, असें तेथें सांगितलें आहे. आंत काय ठेवावें आणि काय ठेवूं नये, याचा विचार त्या काळीं झालेला होता, एवढें तर यावरून निश्चित दिसतें.

पाश्चात्त्य वैद्यकांत या कामासाठीं शतकानुशतकें कॅटगट वापरीत. इंग्रजीत 'कॅट' म्हणजे मांजर. पण या दोऱ्याचा मांजराशीं कांहीं संबंध नाहीं. तो मेंढीच्या अथवा गुराच्या आंतड्याच्या पडद्यापासून करतात. जोसेफ लिस्टर या जगप्रसिद्ध शस्त्रवैद्यानें १८६९ सालीं कार्बॉलिक अम्लांत भिजविलेल्या कॅटगटानें रक्तवाहिनी बांधण्याची पद्धति प्रसिद्ध केली, आणि पुढें क्रोमिक अम्लाचा संस्कार करून तो दोरा अधिक दिवस टिकेल असें केलें. कॅटगटाचा दोष असा कीं तो प्राण्याच्या मांसाचाच एक प्रकार असल्यामुळें आपलें शरीर त्याला परका समजून त्यावर तुटून पडतें. पेशी व पाचक रस मिळून तो खाऊन टाकतात खरे, पण या झटापटींत जखमेला सूज येते. आणि ही झटापट एकाच्या शरीरांत लवकर संपते, दुसऱ्याच्या शरीरांत उशीरां. सात दिवस टिकेल म्हणून बांधलेला दोरा चार दिवसांत सुटला तर काय अनर्थ होईल, हें सांगावयास नको. पुढें गुरांच्या मेंदूच्या रोगाच्या भीतीनें युरोपांत २००१ सालीं कॅटगटाचा उपयोग बंद झाला.

आतां ज्या पदार्थानें ही अडचण दूर केली, त्याचें मूळ तुमच्या घरच्या दह्यांत आहे. दह्याला आंबटपणा ज्यामुळें येतो, तें दुग्धाम्ल कार्ल शेले या स्वीडनमधील रसायनज्ञानें १७८० सालीं आंबलेल्या दुधांतून वेगळें काढलें. शाळेच्या क्रीडामहोत्सवांत जिवाच्या आकांतानें धांवतां, तेव्हां तुमच्या मांडीच्या स्नायूंतही हेंच अम्ल तयार होतें. म्हणजे शरीराला तें परकें नाहीं. त्याचा निकाल कसा लावावा हें शरीराला जन्मापासून ठाऊक आहे.

दुग्धाम्लाचा धागा कसा होतो, हें समजण्यासाठीं कवायतीच्या तासाची कल्पना करा. प्रत्येक मुलाला दोन हात आहेत. एकानें दुसऱ्याचा, दुसऱ्यानें तिसऱ्याचा हात धरला म्हणजे लांबच लांब साखळी होते. दुग्धाम्लाच्या कणालाही असे दोन हात असतात : एक अम्लाचा, दुसरा अल्कोहोलाचा. एका कणाचा अम्लाचा हात दुसऱ्याच्या अल्कोहोलाच्या हाताला मिळतो, आणि तो मिळतांना पाण्याचा एक कण बाहेर पडतो. असे शेंकडों, हजारों कण जोडले गेले म्हणजे जी साखळी होते, तिला रसायनशास्त्रांत बहुवारिक म्हणतात. नायलॉन, रबर, कापूस, रेशीम, पिठांतील स्टार्च, हीं सर्व बहुवारिकेंच. परंतु नायलॉनच्या साखळीपेक्षां या साखळीचा स्वभाव निराळा आहे. पाणी गमावून जे हात धरले गेले, ते पाणी परत मिळतांच सुटूं लागतात. शरीरांत पाण्याला तोटा नाहीं. साखळीचे प्रथम मोठे तुकडे, मग लहान, आणि अखेरीस सुटे दुग्धाम्लाचे कण होतात. शरीर त्यांचा नेहमींप्रमाणें उपयोग करतें, आणि शेवटीं त्यांचें पाणी व कर्बाम्लवायु होऊन तो वायु श्वासावाटे बाहेर पडतो. "तो जातो कोठें?" या पहिल्या प्रश्नाचें उत्तर हें. पोटांतला धागा रोग्याच्या निःश्वासांतून निघून जातो!

वॉलेस कॅरोथर्स या अमेरिकन रसायनज्ञानें १९३२ च्या सुमारास हें बहुवारिक तयार करण्याचा मार्ग अभ्यासला होता. पुढें नायलॉन शोधून जगद्विख्यात झालेला तोच हा कॅरोथर्स. पण कापडाच्या व्यापाऱ्याला दमट हवेंत कुजणारा धागा काय कामाचा? गुण म्हणून कोणी त्याच्याकडे पाहिलें नाहीं, आणि तो पदार्थ अनेक वर्षें जवळजवळ अडगळींत पडून राहिला.

१९६६ सालीं अमेरिकेंतील 'आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी' या मासिकांत एक लहानसा निबंध प्रसिद्ध झाला : शस्त्रक्रियेंत शरीरांत बसवावयाच्या वस्तूंसाठीं पॉलिलॅक्टिक अम्ल, म्हणजे हेंच दुग्धाम्लाचें बहुवारिक. निबंधाच्या चार लेखकांपैकीं पहिलें नांव आर. के. कुलकर्णी असें आहे. हें काम वॉशिंग्टन येथील वॉल्टर रीड सैनिकी वैद्यकीय केंद्राशीं जोडलेल्या प्रयोगशाळेंत झालें. प्राण्यांच्या शरीरांत हा पदार्थ ठेवून त्यापासून विषबाधा होत नाहीं, आसपासचें मांस फारसें चिडत नाहीं, आणि पदार्थ हळूहळू नाहींसा होतो, असें त्यांनीं दाखविलें. १९७१ सालीं याच विषयावर त्यांचा दुसरा निबंध आला. या विद्येचा इतिहास लिहितांना जगांतील संशोधक आजही १९६६ च्या त्या निबंधापासून आरंभ करतात. आपल्या मुलांना वीरांचीं नांवें पाठ असतात, नटांचीं व क्रिकेटपटूंचीं तर विचारावयासच नको. हें नांव मात्र शंभरांत एकालाही ठाऊक नसेल.

त्यानंतर प्रगति झपाट्यानें झाली. दुग्धाम्लाचें एक धाकटें भावंड आहे, ग्लायकॉलिक अम्ल. त्याच्या बहुवारिकाचा धागा १९७० च्या सुमारास बाजारांत आला. आणि १९७४ सालीं दोघांच्या मिश्रणाचा, म्हणजे नव्वद भाग धाकट्याचे आणि दहा भाग थोरल्याचे, असा धागा निघाला. व्हिक्रिल या नांवानें तो आज नागपुरांतील बहुतेक शस्त्रक्रियागृहांत सांपडेल.

या मिश्रणांतच आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें उत्तर दडलें आहे. दुग्धाम्लाच्या कणाला कर्बाचा एक जादा गट चिकटलेला असतो. तेलकट पदार्थाप्रमाणें तो पाण्याला दूर लोटतो. जणूं काय प्रत्येक मुलानें मनगटावर मेणकापड गुंडाळलें आहे. ग्लायकॉलिक अम्लाला हें मेणकापड नाहीं. त्यामुळें दुग्धाम्लाची शुद्ध साखळी तुटावयास वर्ष, दोन वर्षें, किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, तर दोघांचें सारखें मिश्रण केलें तर तें एकदोन महिन्यांतच विरूं लागतें. येथें एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. जो अधिक शुद्ध तो अधिक टिकाऊ, असा सामान्य समज. परंतु दोन जातींचे कण मिसळले म्हणजे साखळ्या एकमेकींशेजारीं नीट रचून बसत नाहींत, मधें फटी राहतात, आणि त्या फटींतून पाणी आंत शिरतें. म्हणून निम्मेनिम मिश्रण सर्वांत लवकर विरतें.

व्हिक्रिलच्या धाग्यांत दोन आठवड्यांनीं मूळच्या बळापैकीं सुमारें तीनचतुर्थांश बळ उरतें, तीन आठवड्यांनीं निम्मे, चार आठवड्यांनीं एकचतुर्थांश. आणि छपन्न ते सत्तर दिवसांत धागा पूर्ण नाहींसा होतो. इकडे जखमेची स्थिति काय? तिसऱ्या आठवड्याच्या शेवटीं भरत आलेल्या जखमेंत निरोगी त्वचेच्या बळाचा जेमतेम पांचवा हिस्सा आलेला असतो. म्हणजे धागा थकत जातो आणि मांस बळावत जातें. एक जण खांद्यावरचें ओझें हळूहळू दुसऱ्याच्या खांद्यावर सरकवतो, तसें. पोटाच्या बळकट पडद्याला भरून येण्यास अधिक काळ लागतो, म्हणून तेथें शस्त्रवैद्य पॉलिडायॉक्सॅनोन नांवाच्या दुसऱ्या बहुवारिकाचा धागा घेतात. त्याचें बळ कित्येक आठवडे टिकतें आणि तो पूर्ण विरावयास सहा महिन्यांहून अधिक लागतात.

तेव्हां धाग्याला कांहींच कळत नाहीं, हें खरें उत्तर आहे. किती दिवस थांबावयाचें हें रसायनज्ञानें आधींच ठरवून ठेविलेलें असतें. आणि म्हणूनच त्यांत एक धोकाही आहे, जो पालकांनीं ध्यानांत ठेवावा. मधुमेह आवरलेला नसेल, रोगी अशक्त असेल, अन्नांत प्रथिनें कमी असतील, तंबाखू सुटत नसेल, तर जखम उशीरां भरते. पण धाग्याचें घड्याळ तिच्यासाठीं थांबत नाहीं. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर साखर तपासा, डाळ, दूध, अंडीं खा, विडी सोडा असें सांगतात, तें उगीच उपदेश करावयाचा म्हणून नव्हे.

विरण्याच्या रीतीही दोन आहेत. खडीसाखरेचा खडा तोंडांत बाहेरून आंत झिजत जातो. शेवटपर्यंत तो खडाच राहतो, फक्त लहान होतो. मातीची भिंत मृगाच्या पावसांत भिजते तेव्हां मात्र बाहेरून फारसा फरक दिसत नाहीं. पाणी आंतवर मुरतें, आणि एके दिवशीं भिंत एकदम बसते. दुग्धाम्लाच्या बहुवारिकाची जात या भिंतीची आहे. शिवाय तुटलेल्या कणांचें अम्ल आंत सांचून राहिलें म्हणजे तें तुटण्याची गति आणखी वाढवितें, त्यामुळें जाड तुकडा कधीं कधीं बाहेरच्यापेक्षां आंतूनच आधीं पोकळ होतो. खडीसाखरेप्रमाणें झिजणारीं बहुवारिकें पुढें निराळीं शोधावीं लागलीं.

शिवणाबरोबर दुसरें काम येतें तें पांघरुणाचें. मनुष्य भाजला म्हणजे त्वचेचें आवरण जातें. अंगांतील पाणी बाहेर झरूं लागतें आणि जंतु आंत शिरतात. जखमेवर नुसता जाळीदार कापडाचा गॉज लावला तर तो वाळून चिकटतो, आणि पट्टी बदलतांना नवी आलेली कोवळी कातडीही त्याबरोबर निघते. भाजलेल्या लहान मुलाची पट्टी बदलतांना ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना तो आक्रोश विसरतां येत नाहीं. पाश्चात्त्य देशांत यासाठीं महाग आवरणें मिळतात. आपल्याकडे मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयांतील डॉ. केसवानी यांनीं उकडलेल्या बटाट्याच्या सालींकडे लक्ष वेधलें! साली गॉजच्या पट्टीवर ओळीनें चिकटवून, निर्जंतुक करून, भाजलेल्या भागावर लावल्या असतां जखम ओलसर राहते, साल चिकटत नाहीं, आणि पट्टी काढतांना वेदना फार कमी होतात, असें त्यांना आढळलें. १९८५ सालीं त्यांनीं व डॉ. पाटील यांनीं तें भाजण्यावरील 'बर्न्स' या आंतरराष्ट्रीय मासिकांत प्रसिद्ध केलें. बटाट्याच्या सालीचा बाह्य थर बुचासारख्या पदार्थाचा असतो. पाणी जाऊं न देण्याचें काम तो जमिनींत बटाट्यासाठीं करतो, तेंच तो येथें रोग्यासाठीं करतो.

पुढें मुंबईच्याच शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. माधुरी गोरे यांनीं केळीच्या पानांची पट्टी करून पाहिली, आणि २००३ सालीं ती बटाट्याच्या सालीशीं ताडून त्याच मासिकांत निष्कर्ष मांडले. दोन्हींचा गुण सारखा ठरला. केळीचें पान मात्र तयार करावयास सोपें आणि स्वस्त निघालें. ज्या पानावर आपण जेवतों त्याच्या गुळगुळीत, मेणचट पृष्ठभागाचा हा उपयोग आधीं कोणाच्या ध्यानांत येऊं नये, आणि आला तो दररोज भाजलेलीं माणसें पाहणाऱ्या डॉक्टरांच्याच, यांत आश्चर्य नाहीं. परंतु येथें पालकांना एक सूचना अगत्यानें द्यावीशी वाटते. ह्या पट्ट्या रुग्णालयांत निर्जंतुक केलेल्या असतात. घरीं कोणी भाजल्यास त्यावर साल, पान, शाई, दंतमंजन, हळद कांहींही लावूं नये. वीस मिनिटें नळाचें साधें वाहतें पाणी सोडावें, स्वच्छ कापड सैलसें झांकावें, आणि दवाखाना गांठावा.

जखम झांकण्याचा दुसरा मार्ग म्हणजे तिच्यावर पातळ द्रव पसरून तो जागच्याजागीं घट्ट होऊं देणें. वस्तु क्षणांत चिकटविणारा जो डिंक स्टेशनरीच्या दुकानांत मिळतो, त्याच कुळांतील सायनोॲक्रिलेट नांवाचे पदार्थ यासाठीं योजले गेले. हा द्रव ओलसर पृष्ठभागाला लागतांच त्याचे कण परस्परांस जोडले जाऊन बहुवारिकाचें पातळ पटल होतें. व्हिएतनामच्या युद्धांत रक्तस्राव थांबविण्यासाठीं अमेरिकन डॉक्टर हा द्रव जखमांवर फवारीत. परंतु तो विरतांना फॉर्मॅल्डिहाइड हा विषारी पदार्थ सुटतो. कुलकर्णी ज्या प्रयोगशाळेंत होते तेथेंच १९६६ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, कणाची बाजूची शेपटी जितकी लांब, तितकें विरणें संथ. म्हणजे विष थोडें थोडें सुटतें आणि शरीराला तें आवरतें. त्या दिशेनें जात जात लांब शेपटीचा प्रकार निघाला, आणि १९९८ सालीं अमेरिकेंत त्वचेची जखम चिकटविण्यासाठीं त्याला परवानगी मिळाली. दुकानांतला डिंक मात्र आंखूड शेपटीचा असतो. मुलांनीं तो कापल्यावर लावण्याचा आगाऊपणा करूं नये.

आतां औषधाकडे वळूं. काटोल, नरखेड, वरूडकडील संत्र्याच्या बागाइतदारांना हें लवकर समजेल. पूर्वीं वाफ्यांत पाणी सोडीत. एक दिवस झाड बुडे, पुढील आठ दिवस तहानलेलें राही. हल्लीं ठिबक नळ्यांनीं थेंब थेंब पाणी मुळाशींच देतात. पाणीही वांचतें आणि झाडही सुखी राहतें. औषधाची गोळी म्हणजे वाफ्याचें पाणी. ती घेतल्याबरोबर रक्तांत औषध एकदम वाढतें, कधीं अपाय होण्याइतकें; कांहीं तासांनीं तें इतकें उतरतें कीं उपयोग शून्य. पण तेंच औषध दुग्धाम्लाच्या बहुवारिकाच्या बारीक, केंसाच्या जाडीएवढ्या किंवा त्याहून लहान गोळ्यांत कोंडून सुईनें टोंचलें, तर गोळ्या जसजशा विरतात तसतसें औषध झिरपत राहतें. पुरुषांच्या पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील ल्यूप्रोलाइड हें औषध पूर्वीं रोज टोंचावें लागे; १९८९ सालीं अशा गोळ्यांचें इंजेक्शन निघालें, आणि महिन्यांतून एकदां टोंचून भागूं लागलें. तीस सुयांच्या जागीं एक सुई! दूरच्या खेड्यांतल्या वृद्धाला याचा अर्थ काय होतो, हें मेडिकलच्या बाहेरच्या ओसरीवर बसलेल्यांना विचारावें.

रॉबर्ट लँगर हा रासायनिक अभियंता या शाखेचा एक मोठा आधारस्तंभ. त्यानें व ज्यूडा फोकमन या शस्त्रवैद्यानें १९७६ सालीं असें दाखविलें कीं, प्रथिनांसारखे मोठे कणही बहुवारिकांतून सावकाश बाहेर सोडतां येतात. तोंवर हें अशक्यच, असें तज्ज्ञांचें मत होतें. पुढें खडीसाखरेप्रमाणें झिजणाऱ्या बहुवारिकाच्या चकत्या त्याच्या सहकाऱ्यांनीं तयार केल्या. मेंदूंतील कर्करोगाची गांठ काढल्यावर जी पोकळी राहते, तिच्यांत औषध भरलेल्या या चकत्या ठेवतात, आणि औषध जेथल्या तेथें झिरपतें. या उपायाला अमेरिकेंत १९९६ सालीं मान्यता मिळाली. तिच्यामुळें रोग बरा होतो असें नाहीं, आयुष्य कांहीं आठवड्यांनीं वाढतें. तें लहान सांगूं नये आणि मोठेंही सांगूं नये.

हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनींत बसविण्याच्या जाळीला स्टेंट म्हणतात, हें आतां घरोघरीं ठाऊक आहे. धातूच्या जाळीवर औषधाचा लेप असतो. आरंभींच्या लेपांतील बहुवारिक न विरणारें होतें. औषध संपल्यावरही तें तसेंच राहून कांहीं रोग्यांत पुढें गुठळी होण्यास कारण झालें, असें मत पुढें आलें. म्हणून विरणारा लेप निघाला, आणि आपल्या शेजारच्या गुजराथेंत सुरत व वापी येथें असे स्टेंट तयार होतात. भारत सरकारनें २०१७ च्या फेब्रुवारींत औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली, तेव्हां या पदार्थांचा प्रश्न वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला.

मग कोणी म्हणेल, सगळी जाळीच विरणारी कां करूं नये? तसा प्रयत्न झाला. दुग्धाम्लाच्या बहुवारिकाचा संपूर्ण स्टेंट अमेरिकेंत जुलै २०१६ मध्यें मान्य झाला. मोठमोठे वैद्य त्याची वाखाणणी करीत होते. पण बहुवारिक धातूइतकें बळकट नसल्यामुळें जाळीच्या काड्या जाड ठेवाव्या लागल्या, आणि दोन-तीन वर्षांच्या पाहणींत त्या रोग्यांना गुठळ्या व हृदयविकाराचे झटके अधिक आल्याचें आढळलें. २०१७ सालींच कंपनीनें विक्री थांबविली. कल्पना सुंदर होती, रसायनशास्त्र निर्दोष होतें. परंतु धांवत्या रक्तांतील जाड काडी म्हणजे ओढ्यांतला दगड, तेथें गाळ सांचावयाचाच. माझ्या मतें शास्त्राच्या पुस्तकांत यशस्वी प्रयोगांइतकीच जागा अशा प्रयोगांना मिळावी.

आपल्या प्रांतांत या विद्येचें काम कोठें चालतें, असें पुष्कळ मुलें विचारतात. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० सालीं स्थापन झाली, आणि बहुवारिकांच्या अभ्यासाबद्दल तिची ख्याति आहे. तेथील डॉ. अनुया निसळ यांनीं रेशमांतील फायब्रॉइन या प्रथिनापासून हाडांतील पोकळी भरण्यासारख्या कामांना उपयोगी पडणारे सच्छिद्र पदार्थ सिद्ध करण्याचें काम हातीं घेतलें. महाराष्ट्राचें रेशीम संचालनालय आमच्या नागपुरांत आहे, आणि ऐन व अर्जुन वृक्षांवरचा टसरचा कोसा भंडारा-गडचिरोलीच्या जंगलांत पिढ्यान् पिढ्या वेंचला जातो. तेव्हां विदर्भांतल्या मुलांना या कामाचें आकर्षण वाटावें हें योग्यच. उसाच्या साखरेपासून दुग्धाम्लाचें बहुवारिक करण्याचा प्रायोगिक कारखाना प्राज या पुण्याच्या कंपनीनें २०२४ सालीं जेजुरीस उभारला. पण त्याचा रोख वेष्टनें व पिशव्या यांकडे आहे. या निमित्तानें एक गैरसमज दूर करतों. दुग्धाम्लाच्या बहुवारिकाचा पेला 'विरणारा' म्हणून नागनदींत फेंकला तर तो शरीरांतल्या धाग्यासारखा दोन महिन्यांत विरत नाहीं. त्याला साठ अंशांच्या आसपास उष्णता असलेलें खताचें मोठें आगार लागतें. शब्द एकच, पण वस्तूची जाडी, घडण आणि भोंवतालची ऊब वेगळी.

ज्यांना हें प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यांच्यासाठीं एक साधा प्रयोग देतों. मोठ्या माणसांना जवळ घेऊन करावा. चार मोठे चमचे पाण्यांत एक मोठा चमचा मक्याचें पीठ म्हणून मिळणारें पांढरें स्टार्च कालवावें. त्यांत एक लहान चमचा व्हिनेगर, एक लहान चमचा ग्लिसरीन आणि खाण्याच्या लाल रंगाचे चार थेंब घालून मंद आंचेवर सारखें ढवळावें. मिश्रण दाट व पारदर्शक होतांच उतरवून, दोन तेल लावलेल्या ताटल्यांवर ओतावें; एकींत कागदासारखें पातळ पसरावें, दुसरींत बोटाच्या पेराइतकें जाड ठेवावें. पातळ पटल दोन दिवसांत वाळेल, जाडाला आठवडा लागेल. मग दोन्हींचे सारख्या वजनाचे तुकडे कापून दोन पेल्यांत सारखें पाणी घेऊन एकाच वेळीं सोडावे, आणि दर पांच मिनिटांनीं पेल्यांमागें पांढरा कागद धरून रंग पाहावा. त्यानंतर तोच प्रयोग एका पेल्यांत थंड व दुसऱ्यांत कोमट पाणी घेऊन, पातळ तुकड्यांवर करावा. कोणत्या पेल्यांत रंग आधीं उतरला, किती मिनिटांनीं, आणि तुकडा कडेकडून झिजला कीं आंतून फुगला, हें विज्ञानाच्या वहींत तक्ता करून लिहावें व जूनमध्यें शाळा उघडल्यावर मला आणून दाखवावें.